नेमकं काय आवडलं?

निकालाच्या दिवसांत लातुरात आलात तर आपल्याकडे कौतुकाचा दुष्काळ आहे असं तुम्ही म्हणणार नाही. शिकवण्यांच्या भागात चौकाचौकांत फ्लेक्स लागलेले असतात. पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाखाली 'नीट'मध्ये 720 पैकी किती ते, आणि वर ठळक अक्षरांत हार्दिक अभिनंदन. नांदेडला श्यामनगर-भाग्यनगरकडे गेलात तरी तेच. शाल, श्रीफळ, फेटा, सत्कार यांत मराठवाड्याचा माणूस हात आखडता घेत नाही. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात सेवेकऱ्याच्या गळ्यात सिरोपा घालतात, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

हे सगळं मोठं कौतुक. त्याला स्टेज लागतं, माईक लागतो, निकाल लागतो. शेजारच्या बाकावरच्या पोरीनं काल लिहिलेल्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य सुरेख उतरलंय, हे तिला सांगायला यातलं काहीच लागत नाही. तरी ते सांगितलं जात नाही. मी या दोन शहरांत इंग्रजी शिकवत आलो, आणि माझ्या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट कोणती असं विचाराल तर मी हीच सांगेन. पोरं काळ शिकतात, कर्मणी प्रयोग शिकतात, पत्र लिहायला शिकतात. समोरच्याचं काही आवडलं तर ते कसं बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवत नाही.

अभ्यासक्रमात ते नाही असंही नाही. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या 'अप्रिसिएशन'ला 5 गुण आहेत, बारावीला 4. पण मुद्दे ठरलेले: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. पोरं गाईडमधून एक साचा पाठ करतात. ही कविता फार सुंदर आहे, तिची भाषा सोपी आहे, ती आपल्याला संदेश देते. कविता बदला, उत्तर तेच राहतं. मराठीच्या पेपरातल्या रसग्रहणाची गतही वेगळी नाही. गुण मिळतात, म्हणून तक्रार कुणाचीच नसते. माझी आहे. काहीही न आवडता 'आय लाइक धिस पोएम' लिहायची सवय पंधराव्या वर्षी लागली, की पुढं खरोखर काही आवडलं तरी तोंडातून तेच पाठ केलेलं वाक्य निघतं.

यात शब्दांची अडचण नाही, हे मी आधी सांगतो, कारण शिकवणाऱ्यांचा सगळा जोर तिथंच जातो. 'मार्व्हलस', 'स्प्लेंडिड', 'फॅब्युलस' अशी पन्नास विशेषणांची यादी स्पोकन इंग्लिशच्या प्रत्येक पुस्तिकेत असते. जोन मेन्स आणि नेसा वोल्फसन या अमेरिकेतल्या दोन अभ्यासक बायकांनी रोजच्या बोलण्यातली जवळजवळ सातशे कौतुकाची वाक्यं गोळा केली आणि 1981 साली त्यावर लेख लिहिला. त्यांतली निम्म्याहून जास्त वाक्यं एकाच घडणीची निघाली: अमुक गोष्ट अशी आहे किंवा अशी दिसते. विशेषणांत सगळ्यात वरचे दोन शब्द 'नाईस' आणि 'गुड'. ज्यांची इंग्रजी मायबोली आहे त्यांचंही एवढ्यावर भागतं. लोह्याच्या, अहमदपूरच्या, निलंग्याच्या पोरांकडे हे शब्द पाचवीपासून आहेत. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मागच्या बाकांवरचे खांदे सैल होतात.

त्याच संशोधनातली दुसरी गोष्ट मात्र मी आपल्या वर्गात तशीच्या तशी आणत नाही. तिकडचं बरंचसं कौतुक दिसण्याचं असतं: केस, कपडे, नवा शर्ट. परदेशी पुस्तकांतले संवादही याच विषयांभोवती फिरतात. लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात मुलानं मुलीला 'युअर ड्रेस इज लव्हली' म्हटलं तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत तिच्या गावात पोचते, आणि तिचं शिक्षण बंद व्हायची भीती अगदी खरी असते. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे. दिसण्याबद्दल बोलायचं नाही, हातानं केलेल्या कामाबद्दल बोलायचं. अक्षर, आकृती, भाषण, दुरुस्त केलेली सायकल, आणलेला डबा. या नियमानं सगळा पाठच सुधारला. कामाबद्दल बोलायचं तर काम बघावं लागतं.

एकदा लोहा तालुक्यातल्या एका मुलीनं आईनं शिवलेली गोधडी वर्गात आणली. ती टेबलावर पसरली आणि मी म्हटलं, बोला. पहिली पाच-सहा वाक्यं ठरलेली आली. 'व्हेरी नाईस.' 'सो ब्युटिफुल.' एकानं 'ऑसम' म्हटलं. मुलगी नुसती मान हलवत होती. मग मी सगळ्यांना उठवलं. जवळ या, हात लावा, उलटी करून बघा, आणि कुणाला मराठीत काही सुचलं तर आधी मराठीत बोला. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग उदगीरकडचा एक मुलगा, वर्गात तोंड न उघडणारा, गोधडीची मागची बाजू धरून म्हणाला, "सर, मागून बी धावदोरा सारखाच हाय की." दुसरीला कोपऱ्यात शाळेच्या गणवेशाचं निळं कापड दिसलं. ते सगळ्या बाजूंनी नीट दुमडून शिवलं होतं, एक धागा सुटलेला नव्हता.

ही वाक्यं आम्ही इंग्रजीत आणली. 'द स्टिचेस आर इव्हन ऑन द बॅक.' हे सोपं होतं. दुसऱ्या वाक्याला वेळ लागला: 'आय लाइक द वे शी युज्ड युअर स्कूल युनिफॉर्म.' इथं आपली पोरं 'द वे हाऊ' म्हणतात, किंवा 'शी इज युजिंग'वर जातात. ते फळ्यावर दुरुस्त केलं, दोनदा म्हणून घेतलं. आवाजाचंही सांगितलं, कारण आपल्याकडं 'व्हेरी नाईस' हजेरी दिल्यासारखं सपाट म्हणतात. इंग्रजीत ज्या शब्दावर मन आहे तिथं आवाज चढतो आणि मग खाली येतो. उदगीरच्या त्या मुलानं 'बॅक' या शब्दावर आवाज दिला आणि गोधडीची मालकीण पहिल्यांदा बोलली. आई रात्री सगळं आवरल्यावर शिवायला बसते, आणि मागची बाजू अंगाला लागते म्हणून तिकडचे टाके ती जास्त जपते. हे ती इंग्रजीत बोलली, तुटक, पण न थांबता. 'नाईस' ऐकून ती गप्पच होती. टाक्यांबद्दल कुणीतरी बोललं तेव्हा तिच्याकडे सांगण्यासारखं निघालं.

नेमक्या कौतुकातून संभाषण सुरू होतं, आणि बोलतं करणं हेच तर भाषेच्या मास्तराचं काम. म्हणून माझ्या पाठाची सुरुवात डोळ्यांपासून होते. आधी बघायचं, मग मराठीत नाव द्यायचं, मग इंग्रजी.

पुढचा भाग बारीक आहे पण फार उपयोगी. कौतुक कोण कुणाचं करतो, यावर वाक्य बदलतं. 'वेल डन', 'गुड जॉब' ही वरून खाली येणारी वाक्यं आहेत. आपण गुरुजींना शाब्बास म्हणत नाही, तसंच हे. तरी निरोप समारंभात मुलं मनापासून 'वेल डन सर' म्हणतात, आणि पुण्यात हिंजवडीला नोकरीला लागलेला माझा विद्यार्थी मॅनेजरला मेलमध्ये 'गुड जॉब' लिहितो. मोठ्यांचं कौतुक करताना त्यांच्या कामाला गुण द्यायचे नाहीत, आपल्याला काय मिळालं ते सांगायचं. 'युअर नोट्स हेल्प्ड मी अंडरस्टँड द चॅप्टर.' हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात, आणि ते आयुष्यभर कामी येतं.

कौतुक घेणं त्याहून अवघड. आपल्या घरात तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते, असं म्हणतात. कुणी केलंच तर "कशाचं काय, चालतंय आपलं" म्हणून बाजूला सारायचं. मुलाखतीत 'युअर प्रोजेक्ट इज इंटरेस्टिंग' ऐकल्यावर आमचा मुलगा 'नो सर, नथिंग सर' म्हणतो, आणि चार महिन्यांची मेहनत आपल्याच तोंडानं पुसून टाकतो. ही अडचण आपल्यापुरती नाही. अनिता पोमरँट्झ यांनी 1978 साली दाखवलं आहे की इंग्रजी बोलणाऱ्यांचीही इथं ओढाताण होते: कौतुक मान्य करावं तर आत्मस्तुती, नाकारावं तर समोरच्याचा शब्द मोडतो. मी पोरांना नम्रता सोडायला सांगत नाही. 'थँक यू' म्हणा आणि श्रेय वाटून टाका, एवढंच सांगतो. 'थँक यू, माय मदर टॉट मी.' 'थँक यू, वुई वर्क्ड ऑन इट टुगेदर.' हे आपल्या पोरांना फार लवकर जमतं, कारण श्रेय वाटणं त्यांच्या अंगात असतंच.

मराठवाड्यासाठी या पाठाचं मोल जास्त आहे, असं मी ठामपणे म्हणतो. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, सरकारदरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. आजच्या खेड्यातल्या पोराच्या घरात इंग्रजीतून कुणी कधी लाड केलेले नसतात. ही भाषा त्याला भेटते ती लाल पेनातून. स्पेलिंग चूक, क्रियापद चूक, परत लिही. जी भाषा फक्त चुका काढते ती बोलायला कोण तोंड उघडेल? तिच्यात कुणीतरी आपलं काही चांगलं म्हटलं, आपण कुणाचं म्हटलं, की तिची दहशत कमी होते. हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

परीक्षेतल्या गुणांसाठी गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'च्या गावात आणखी एक काळजी घ्यावी लागते. इथं 'हुशार' हा शिक्का पोरावर फार लवकर बसतो. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी कोलंबिया विद्यापीठात असताना पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले, ते 1998 साली प्रसिद्ध झाले. 'तू हुशार आहेस' असं ऐकलेली मुलं पुढं अवघड कोडी टाळू लागली आणि अपयशानंतर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं टिकून राहिली. पुढं अशा प्रयोगांवर बराच वाद झाला आहे, आणि नुसतं 'मेहनत कर' म्हटल्यानं गुण वाढतात असा दावा मी करणार नाही. पण 720 पैकी किती यावरच ज्यांची किंमत ठरते अशा पोरांमध्ये मी वावरतो, आणि हुशार म्हटलेलं पोर वर्गात प्रश्न विचारायला कसं घाबरतं ते मला ठाऊक आहे. म्हणून 'यू आर इंटेलिजंट' हे वाक्य मी वापरत नाही. त्यानं केलेली एक गोष्ट दाखवून तिच्याबद्दल बोलतो.

जिल्हा परिषदेच्या शाळांत, कॉलेजांत, शिकवण्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती आहे. साठ-सत्तर वह्या तपासायच्या असतात, वेळ नसतो, हे मला माहीत आहे. तरीही चुका लाल पेनानं दाखवून झाल्या की त्या वहीतलं एक जमलेलं वाक्य शोधा, त्याखाली रेघ ओढा, आणि ते का जमलं ते एका ओळीत सोप्या इंग्रजीत लिहा. सही त्यानंतर करा.