बाळाला हाताची सवय लागते का?

माझी मुलगी महिन्याची असताना रात्री खूप रडायची. "सारखं उचलू नकोस, हाताची सवय लागेल," घरातली मोठी माणसं म्हणायची. एमडी होऊनही मी पाळण्याशेजारी नुसता उभा राहायचो. त्याची खंत आजही वाटते.

रडणं हीच तान्ह्या बाळाची भाषा. हट्ट करण्याइतका त्याचा मेंदू तयारच झालेला नसतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात, रोज जास्त वेळ उचलून घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली.

म्हणून पहिले काही महिने बाळाला खुशाल जवळ घ्या. त्यानं ते बिघडत नाही. मात्र जवळ घेऊनही रडं थांबेना, दूध पिईना किंवा ताप १००.४ फॅरनहाइट वा जास्त असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.