लाल फरशीला ॲसिड नको

चि. बाय हिस,


तुझा निरोप आणि फोटो दोन्ही मिळाले. कौलं चाळून झाली, किडलेले वासे बदलले, गिलावा आणि रंगही आटोपला. आता फरशी तेवढी राहिली आहे. ठेकेदार म्हणतो, ॲसिड मारू, घिसाईची मशीन फिरवू आणि वरून लॅकर देऊ, चतुर्थीला घर चकाचक दिसेल. होकार देऊ का, असं तू विचारलंस. देऊ नकोस. ते घर माझं माहेर आहे म्हणून हे सांगत नाही. जुन्या घरांच्या दुरुस्तीत माझी इतकी वर्षं गेली, आणि भाजलेल्या मातीच्या फरश्यांची सगळ्यात जास्त नासाडी काम संपल्यानंतरच्या त्या शेवटच्या घाईत झालेली मी पाहिली आहे. तीच घाई आपल्या माजघरात होऊ नये, असं मला फार वाटतं.

आधी ही मंगळुरी फरशी काय आहे ते समजून घे. बेसल मिशनने १८६५ साली मंगळूरला जेप्पू इथे कौलांचा कारखाना काढला. त्याच्यामागून कितीतरी कारखाने निघाले आणि नेत्रावती-गुरुपूर नद्यांच्या काठची माती कौलं आणि फरश्या होऊन गलबतांतून आपल्या बंदरांना लागू लागली. त्या मातीत लोह असतं, म्हणून भट्टीत ती लाल होते. फरशीवर काचेचा थर नसतो. शहरातल्या तुझ्या घरी जी व्हिट्रिफाइड फरशी आहे ती स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. ही भाजलेली फरशी दहा टक्क्यांहून जास्त पिऊ शकते. म्हणजे दोन किलोची एक फरशी पावशेराच्या आसपास पाणी पोटात घेते, आणि त्या पाण्यात जे काही विरघळलेलं असेल तेही सोबत आत जातं. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

आता ॲसिडचं. गवंडी जे वापरतात ते हायड्रोक्लोरिक आम्ल. सिमेंटचा पांढरा थर त्याने फसफसून निघतो, हे खरं. पण ते वरच थांबत नाही. आपल्या फरश्यांचे सांधे चुन्याचे आहेत आणि चुना हेच त्या आम्लाचं खाद्य. सांधे पोकळ होतात, फरश्या हलू लागतात. शिवाय आम्ल आणि चुना मिळून जो कॅल्शियम क्लोराइड नावाचा क्षार तयार होतो तो हवेतलं पाणी ओढून घेतो. कोकणच्या हवेत तो फरशीच्या पोटात राहिला तर डाग ओलेच राहतात, आणि कोरड्या दिवसांत पांढरी बुरशी आल्यासारखा लोणा वर येतो. आम्लाने मातीतलं लोहही सुटतं, त्याचे पिवळे ओघळ मग काही केल्या जात नाहीत.

आणि हे ॲसिड हातात घेऊन घासणार कोण? ठेकेदार नाही. रोजावर आलेली एखादी बाई, खिडक्या बंद असलेल्या खोलीत, उघड्या पायांनी. मागाहून वास जावा म्हणून कुणी त्यावर ब्लीचिंग ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस गुदमरतो. आपल्या घरात हे होता कामा नये. फरशीचं काम तिच्याकडूनच करून घे, ती ते नेटकं करेल, पण तिला रबरी हातमोजे दे, तोंडाला चांगला मास्क दे आणि घाई करू नको म्हणून स्वतः सांग. सिमेंट आणि पुट्टीची धूळ फुप्फुसांना वाईट, आणि ओलं सिमेंट हाताची कातडी सोलतं.

मशीनलाही नाहीच म्हण. भट्टीत फरशीची वरची कातडी सगळ्यात घट्ट भाजली जाते. ती खरवडली की आतला भुसभुशीत भाग उघडा पडतो. चार दिवस फरशी नव्यासारखी लाल दिसते आणि मग रोज पायाला लाल भुकटी लागते. तारेच्या ब्रशचं तेच, वर त्याचे तुटलेले केस सांध्यात अडकून गंजतात.

मग करायचं काय? सुरुवात कोरडी करायची. पाण्याची बादली खळ्यातच राहू दे. फरशीवर आज जी धूळ आहे त्यात सिमेंट आहे, चुना आहे, पुट्टी आहे, रंधा मारलेल्या लाकडाचा भुगा आहे. तिच्यावर पाणी पडलं की तिचा लगदा होतो, लगदा छिद्रांत उतरतो आणि सिमेंटचा अंश तिथेच धरतो. कामानंतर फरशी धुतली आणि धुतल्यावर जास्तच पांढुरकी झाली, असं लोक सांगतात त्याचं कारण हे. म्हणून आधी व्हॅक्यूम क्लीनर मागवून घे, तालुक्याच्या गावी भाड्याने मिळतो. सांधे, उंबऱ्याचे कोपरे, खांबांच्या बुडाशी असलेल्या खाचा, सगळीकडे फिरव. तो नाहीच मिळाला तर सुताराकडचा भुसा अगदी जरासा ओलसर करून पसर आणि मऊ केरसुणीने ओढून घे. भुसा धूळ धरून ठेवतो, उडू देत नाही. सागाचा भुसा मात्र घेऊ नको, त्याचा रंग उतरतो. रंगकाम झालेल्या भिंतींवरून आणि वाशांवरून धूळ खाली येतच राहते, तेव्हा हे एकदा करून भागणार नाही.

धूळ गेली की डाग दिसतील, आणि प्रत्येक डागाची जात वेगळी. सिमेंटचे थेंब बांबूच्या चिपेने, चीप आडवी धरून, उडव. जे चिकटून राहतील त्यांच्यावर त्याच फरशीचा तुटका तुकडा घेऊन घास. जातीला जात घासली की खोल ओरखडा उठत नाही आणि पडलेली भुकटीही त्याच रंगाची असते. मागच्या पडवीत फुटक्या फरश्यांचा ढीग आहे, तो फेकू नको, त्याचं आणखी एक काम पुढे सांगते. डिस्टेंपरचे शिंतोडे गरम पाण्यात पिळलेलं फडकं ठेवून फुगवायचे आणि खरवडायचे. ऑइल पेंटवर टर्पेंटाइन ओतू नको. ओतलं की रंग पातळ होऊन फरशीत आणखी खोल जातो. आधी कोरडाच खरवड, मग फडक्याला जरासं टर्पेंटाइन लावून आतल्या बाजूला टिपत ये. दारांना स्पिरिट पॉलिश झालं असेल तर त्याचे थेंब स्पिरिटनेच सुटतात.

फोटोत देवघरापाशी एक पांढरा पट्टा दिसतो. तो सिमेंटचा नसावा, लोणा असावा, कारण त्या भिंतीला नवा गिलावा झालाय आणि त्यातलं पाणी क्षार घेऊन बाहेर पडतंय. लोणा धुवायचा नसतो. धुतला की विरघळून परत आत जातो आणि वाळल्यावर पुन्हा वर येतो. काथ्याच्या ब्रशने कोरडा झाड आणि सुपलीत भरून बाहेर टाक. भिंत सुकेपर्यंत तो येईल, तोवर झाडत राहायचं.

पाण्याने धुणं आत्ता करायचंच नाही. आषाढ-श्रावणात आपल्याकडे फरशी वाळत नाही, आणि खालची जमीनही ओल सोडत असते. आता नुसतं ओलं फडकं घट्ट पिळून पुसून घे. धुण्याचं काम दिवाळीनंतर, कोरडं ऊन लागलं की. तेव्हाही घंघाळी ओतायची नाहीत. चार हात जागा घ्यायची, आधी साध्या पाण्याने ओली करायची, म्हणजे पुढचं साबणपाणी फरशी पिणार नाही. भांड्यांचा सौम्य साबण थोडासाच. कपड्यांची पावडर नको, तिच्यात सोडा असतो आणि तोही लोणा होऊन पांढरा वर येतो. काथ्याने घासायचं, मळकं पाणी लगेच फडक्याने टिपायचं आणि बादलीतलं पाणी वारंवार बदलायचं. आतल्या खोलीपासून दाराकडे सरकत यायचं.

फरशी साफ झाली की नाही ते ओली असताना ठरवू नको. ओल्या फरशीवर सिमेंटचा पांढरेपणा दिसेनासा होतो आणि सगळं लालभडक दिसतं. खरं काय ते पूर्ण वाळल्यावर कळतं. इतकं करूनही कुठे सिमेंटचा पापुद्रा राहिलाच तर सल्फॅमिक आम्ल पातळ करून तेवढ्याच जागी वापरता येतं, पण फरशी आधी पाण्याने तृप्त करून, सांधे सांभाळून, कोपऱ्यात करून बघून आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन, टिपून. ते काम धुण्याच्या वेळी मी असताना करू.

दारापासून चुलीपर्यंत जी वाट गुळगुळीत आणि किंचित काळसर झाली आहे तिला बाई मळ समजेल आणि घासायला घेईल. तिला तू स्वतः उभं राहून थांबव. ती वाट तुझ्या पणजीच्या आणि आजीच्या पायांची आहे, घरात आलेल्या प्रत्येक सुनेच्या आणि प्रत्येक लेकीच्या पायांची आहे. गवंड्यांनी या काही महिन्यांत केलेली घाण काढायची आहे, माणसांच्या वावरण्याने आलेली झळाळी नाही. ती गेली तर परत आणायला तेवढीच वर्षं लागतील.

सांधे जिथे उकरले गेलेत तिथे मिस्त्री सिमेंट भरायला निघतील. सिमेंट या फरशीपेक्षा कडक असतं. फरशी हलली की सांधा तुटत नाही, फरशीची कड तुटते. तिथे चुना आणि सुरखी भरायला सांग. सुरखीसाठी त्या फुटक्या फरश्याच कुटून घ्या, रंग आपोआप जुळेल.

आता चतुर्थीचं. तुझा जीव त्यात अडकलाय हे मला कळतं. चाकरमानी येणार, सगळे घर बघणार. पण लॅकर देऊ नको. ते फरशीचं तोंड बंद करतं. जमिनीतून वर येणारी ओल त्याच्याखाली कोंडते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पांढरे फोड येऊन पापुद्रे सुटतात. या चतुर्थीला फरशी उघडीच राहू दे. समईखाली मोठं तबक ठेव, कारण उघड्या फरशीवर तेलाचा एक थेंब पुरतो. गणपतीवर टांगलेल्या माटवीची फळं पिकून गळतात, म्हणून तिच्याखाली पाटाभोवती केळीची पानं अंथर. हळद-कुंकू सांडलं तर पाणी लावण्याआधी कोरडंच उचलायचं. तेल सांडलंच तर लगेच मुलतानी माती दाबून ठेव, रात्रभरात ती बरंचसं ओढून घेते. पंगत ओसरीवर बसवा.

लॅकरऐवजी फरशीला तेल पाजायचं, तेही माघाच्या आसपास. त्याआधी फरशीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेव. सकाळी त्याच्या आतून दव धरलेलं दिसलं किंवा खालची फरशी काळपट झालेली दिसली तर आणखी थांबायचं. खोबरेल लावू नको, ते वाळत नाही आणि धूळ धरतं. जवसाचं उकळलेलं तेल आणि टर्पेंटाइन मिसळून, फडक्याने अगदी पातळ हात द्यायचा, थोड्या वेळाने जास्तीचं पुसून काढायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. जाड थर राहिला तर आपल्या दमट हवेत त्यावर बुरशी धरते. त्या फडक्यांचे बोळे करून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात. एकेक फडकं खळ्यात पसरून वाळव, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेव. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव, मुलांनासुद्धा.

ठेकेदाराचे पैसे फरशीसाठी अडवू नको. फरशी त्याच्या कामातून वगळ आणि बाकीचा हिशेब चुकता कर. मी चतुर्थीच्या आठवडाभर आधी येते. येताना मुलतानी माती आणि काथ्याचे ब्रश आणीन, तू बांबूच्या चिपा करून ठेव.

तुझी,
आत्या