आधी तू, मग मी

घरची गरिबी आणि मनात विद्येची ओढ, अशा कात्रीत सापडलेल्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : शिकवणी पत्करावी की न पत्करावी? पत्करली, तर चार पैसे हाती येतात. पण स्वतःच्या अभ्यासाचा वेळ दुसऱ्यांच्या मुलांना द्यावा लागतो. १८८५ साली पोलंडमधील वॉर्सा शहरात एका मुलीपुढे हाच प्रश्न उभा होता. तिचे नाव मारिया स्क्लोदोव्स्का. घरची माणसे तिला मान्या म्हणत.

त्या काळी वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती. पोलिश मुलांना शाळेत परक्या रशियन भाषेतून शिकावे लागे. मान्याचे वडील पदार्थविज्ञान व गणित यांचे शिक्षक होते. मान्या दहा वर्षांची असतानाच तिची आई क्षयाने निवर्तली होती. पंधराव्या वर्षी मान्या सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली. परंतु वॉर्साच्या विद्यापीठाचे दार मुलींना बंद होते. तेव्हा ती व तिची थोरली बहीण ब्रोन्या एका गुप्त विद्यापीठात जाऊ लागल्या. या विद्यापीठाला ना इमारत होती, ना पाटी. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून त्याचे वर्ग आज या घरी, तर उद्या त्या घरी भरत. लोक त्याला 'उडते विद्यापीठ' म्हणत.

ब्रोन्याला डॉक्टर व्हावयाचे होते. मान्यालाही उच्च शिक्षणाची तळमळ होती. पॅरिसच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळे. पण तेथे जाण्यास पैसा कोठून आणावा? दोघी बहिणी शहरात शिकवण्या करीत. थंडीवाऱ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पायपीट करावी, तेव्हा कोठे थोडेसे पैसे मिळत. ब्रोन्याने पै पै करून साठविलेल्या रकमेत पॅरिसमधील जेमतेम एक वर्ष निघाले असते. वैद्यकीचे शिक्षण मात्र कित्येक वर्षांचे!

मान्याने शांतपणे हिशेब मांडला. दोघींनी मिळून पैसे साठवावयाचे म्हटले, तर दोघींचेही जाणे लांबणार. त्यापेक्षा एकीने जावे व दुसरीने तिला पैसे पाठवावेत. शहरात घरोघर हिंडण्याऐवजी एखाद्या श्रीमंत कुटुंबात राहून मुलांना शिकविले, तर राहण्याजेवण्याचा खर्च वाचेल व पगार शिल्लक पडेल. पुढे ब्रोन्या डॉक्टर झाली, की तिने मान्याच्या शिक्षणाचा भार उचलावा.

ब्रोन्याला हे पटेना. मान्या एवढी बुद्धिमान. मग तिनेच आधी का जाऊ नये? पण मान्याचे उत्तर तयार होते. ब्रोन्या वीस वर्षांची, तर आपण सतरा वर्षांच्या. थांबण्यास आपल्यापाशी वेळ अधिक आहे. ब्रोन्या पॅरिसला गेली.

थोडे दिवस शहरातीलच एका घरी शिकविल्यावर, १ जानेवारी १८८६ रोजी मान्या श्चुकी नावाच्या दूरच्या खेड्याकडे निघाली. तीन तासांचा आगगाडीचा प्रवास आणि पुढे बर्फावरून घसरत जाणाऱ्या घोड्यांच्या गाडीत चार तास! चोहोकडे बीटाची शेते, जवळ साखरेचा कारखाना. वर्षाला वेतन ५०० रूबल. त्यातला जवळजवळ निम्मा भाग ती ब्रोन्याला पाठवू लागली.

दिवसाचे सात तास ती त्या घरच्या मुलींना शिकवी. उरलेल्या वेळात गावातील शेतकऱ्यांची व मजुरांची मुले गोळा करून त्यांना पोलिश लिहावाचावयास शिकवी. हे उघडकीस आले असते, तर सायबेरियातील हद्दपारी ओढवली असती. तरी तिने ते सोडले नाही.

आणि रात्री? रात्री नऊनंतरचा वेळ तिचा स्वतःचा होता. एका पुस्तकाने मन शिणले, की ती दुसरे घेई; वाचनच नकोसे झाले, की बीजगणिताची व त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवी. साहित्य, समाजशास्त्र की विज्ञान, यांपैकी आपला विषय कोणता, हे तोवर तिचे ठरले नव्हते. त्या एकाकी रात्रींनीच ते ठरविले. गणित व पदार्थविज्ञान यांत तिचे मन रमले.

वर्षे लोटत होती. पॅरिसची आशा आपण सोडून दिली आहे, असे कधी कधी तिला वाटे. परंतु ब्रोन्या दिलेला शब्द विसरली नव्हती. १८९० साली तिचे बोलावणे आले. वडिलांना सोडून जाण्यास मान्याचे मन तयार होईना. अखेर नोव्हेंबर १८९१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसला पोचली. ब्रोन्या गेल्यापासून सहा वर्षे उलटली होती!

दोनच वर्षांत पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत तिने पहिला क्रमांक पटकावला. मादाम क्यूरी म्हणून जगाने जिला ओळखले, ती हीच मान्या. १९०३ व १९११ साली तिला नोबेल पारितोषिके मिळाली. १९३२ मध्ये वॉर्सात तिच्या नावाची रेडियम संस्था सुरू झाली. त्या संस्थेची पहिली संचालिका होती डॉक्टर ब्रोन्या.

शिकवणी पत्करताना मान्याने आपले दिवस दुसऱ्यांना दिले. रात्रीचा अभ्यास मात्र स्वतःसाठी राखून ठेवला. म्हणूनच बहिणीचे शिक्षण पुरे झाले आणि तिचे स्वतःचेही मागे पडले नाही.