वैशाखातला मोगरा

झाड लावावे ते मृगात, हे मलाही ठाऊक होते. पण घर विकण्याचा मुहूर्त नेहमी आपल्या हाती असतो असे नाही. चिपळूणचे आमचे घर गेले ते ऐन वैशाखात. आई पुण्याला आली ती एक ट्रंक आणि गोणपाटात गुंडाळलेला परसातला मोगरा घेऊन.

उन्हे उतरल्यावर आम्ही तो अंगणात लावला. लावताच आईने पहिली गोष्ट कोणती केली असेल? त्याच्यावरच्या साऱ्या कळ्या खुडल्या! मी हळहळलो. "आधी जगू दे त्याला. फुलायचं मागाहून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाने मलूल झाली. मी धावत जाऊन बादलीभर पाणी ओतले. तिसऱ्या दिवशी दोनदा ओतले. आईने दोन पेरे बोट मातीत खुपसून पाहिले आणि माझ्या हातातली बादली काढून घेतली.

"अरे, माती ओलीच आहे. तहान नाही लागली त्याला. उपटताना मुळं तुटली. पानांना पुरेल इतकं पाणी ती ओढणार कुठून? अशानं कुजतील मात्र!"

मग तिने थोडे शेंडे छाटले, बुंध्याला न टेकेल असा पालापाचोळा पसरला. माठ शेजारी गळ्यापर्यंत पुरला, त्यात पाणी भरले आणि डासांसाठी वर करवंटी झाकली. भोवतालची माती सुकेल तसे माठातले पाणी झिरपते. खत घालू का, असे मी विचारताच तिने नुसते पाहिले. आजाऱ्याला कुणी पक्वान्न वाढते का?

राहिली सावली. इथे झावळ्या कुठल्या? आईने ट्रंक उघडली आणि वडिलांचे एक जुने धोतर काढले. पश्चिमेकडे दोन काठ्या रोवून ते बांधले. मी काही बोललो नाही. तीही बोलली नाही.

निम्मी पाने गळली. आई रोज सकाळी त्याच्यापाशी बसे. इथे तिला बसायला दुसरी जागाच सापडली नव्हती. तीनेक आठवड्यांनी एका पेराशी राईएवढा हिरवा कोंब दिसला.

मृगाचा पहिला पाऊस पडला, तेव्हा आईने धोतर सोडले, धुऊन वाळवले, घडी घालून ट्रंकेत ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाली,

"पुढच्या वैशाखात कळ्या खुडायच्या नाहीत हो!"