यमन कोणत्या खणात ठेवावा?

घरातल्या सुमारे तेराशे सीडींचे काय करायचे, हा प्रश्न आम्ही बरीच वर्षे टाळत आलो. तो टाळता येईनासा झाला, त्याचे कारण तांत्रिक नव्हते. वडिलांची दृष्टी मंदावली. वेष्टनावरची बारीक अक्षरे त्यांना दिसेनाशी झाली आणि पुढे तबकडी यंत्राच्या खाचेत नीट बसवणेही जमेना. आयुष्यभर हा संग्रह ज्यांनी जमवला, त्यांनाच तो बंद झाला. एखादी वस्तू घरात असून नसल्यासारखी होते म्हणजे काय, हे आम्ही रोज संध्याकाळी पाहत होतो.

तेव्हा सगळे संगीत एका यंत्रात भरावे असे ठरले. हिशेब सोपा होता. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि तेही डावे-उजवे असे दोन पदरी. तासाभराची तबकडी साधारण साडेसहाशे एमबी जागा घेते. 'फ्लॅक' या पद्धतीने ती आवळली तर जवळपास निम्म्या जागेत मावते आणि मूळ ध्वनीतला एक कणही गळत नाही. म्हणजे सारा संग्रह पाचशे जीबीच्या आत. तळहाताएवढ्या डिस्कमध्ये तीन कपाटे! वेळ मात्र आवळता येत नाही. एका सीडीला दहा मिनिटे धरली तरी दोनशे तासांवर काम; रोज आठ याप्रमाणे साडेपाच महिने.

यंत्र निवडताना आम्ही प्रथम, सगळे जातात तसे, तयार पेटीकडे गेलो. सीडी आत सरकवा, ती स्वतःच उतरवून घेते, नावे स्वतःच शोधते. दुकानातले प्रात्यक्षिक उत्तम झाले. घरी परतताना 'स्क्वीझबॉक्स'ची आठवण झाली. २००३च्या सुमारास आलेले ते देखणे उपकरण. २००६मध्ये मूळ कंपनी लॉजिटेकने घेतली आणि २०१२मध्ये ते बनणे बंद झाले. तरीही आज ती जुनी उपकरणे वाजतात, कारण त्यांच्यामागची आज्ञावली मुक्त होती; हौशी मंडळींनी ती जिवंत ठेवली, आणि आता ती 'लिरियन' या नावाने नांदते. एवढ्या एका उदाहरणाने आमची कसोटी ठरली. बनवणारा उद्या दुकान बंद करून गेला तरी वडिलांचा मारवा वाजला पाहिजे. सशुल्क प्रवाही सेवांचा विचार याच कसोटीवर बाद झाला. तिथले संगीत आपल्याकडे असते कुठे?

शेवटी एक रास्पबेरी पाय, त्यावर लिरियन, आणि दोन डिस्क. तिसरी प्रत पुण्याला बहिणीकडे, कारण शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन डिस्कवर वीज एकदमच पडायची. जाता-येता जाणाऱ्या विजेने या छोट्या संगणकाचे कार्ड बिघडू शकते, म्हणून एक लहान यूपीएस जोडला. यंत्रनिवडीची कथा खरे म्हणजे इथेच संपते. त्रास पुढे होता, आणि तो यंत्राचा नव्हता, नावांचा होता.

सीडी आत घातली की आज्ञावली जगभरच्या सूचीतून तिची माहिती आणते. या सूचीची कल्पना अशी, की संगीत म्हणजे गायक, अल्बम आणि गाणे. आमच्याकडे एकटे भीमसेन जोशी 'भ'मध्ये, 'ज'मध्ये आणि 'पंडित' म्हणून 'प'मध्ये असे तीन ठिकाणी जाऊन बसले. द. वि. पलुसकरांचे तर आद्याक्षरे, पूर्ण नाव आणि 'बापूराव' असे तीन गायक झाले. विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात नाशकात राहिले, दत्तात्रेयांचा जन्म १९२१मध्ये इथेच झाला आणि १९५५मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचे मुद्रित गाणे मुळातच थोडे. आमच्या पिढीला ते मिळाले ते प्रामुख्याने तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांतून. त्या थोड्यातून तीन माणसे घडवायची म्हणजे अतीच झाले.

संगीतप्रकाराच्या रकान्यात तर सर्रास 'वर्ल्ड'. उरलेले संगीत मग कोणत्या ग्रहावरचे?

१९०२मध्ये कोलकात्यात गौहरजानने गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा शेवटी तिने आपले नाव इंग्रजीत उच्चारले, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोवरला घडायच्या आणि तिथल्या माणसाला चिठ्ठीवर कोणाचे नाव घालायचे ते कळायला हवे होते. व्यवस्था अडाणी, पण नाव गाण्यातच गुंफलेले. ते कोणी पुसू शकत नव्हते, चुकीच्या खणात टाकू शकत नव्हते.

वडिलांनी आजवर कधी 'अमुक अल्बम लाव' असे म्हटलेले आम्हांला स्मरत नाही. ते म्हणत, "दिवेलागण झाली, यमन लाव." कोणाचा, हा पुढचा प्रश्न. तेव्हा रचना रागावरच हवी होती. फ्लॅकमध्ये हवे ते रकाने जोडता येतात. आम्ही ताल आणि साथीदार यांचे रकाने जोडले, आणि 'वर्ल्ड' पुसून तिथे रागाचे नाव लिहिले, कारण त्या रकान्यावरून कोणतेही यंत्र यादी काढून देते. वडील आरामखुर्चीत बसून ऐकत, रागाचे नाव आणि प्रहर सांगत. आम्ही टंकत असू. दोन वेष्टनांवर छापलेले राग त्यांनी चूक ठरवले. आम्ही त्यांचे म्हणणे लिहिले. एके ठिकाणी विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये क्षणभर शांतता पडली, तेव्हा हातातला चहा खाली ठेवून ते म्हणाले, "इथे श्वास तुटला रे." ते ध्वनिमुद्रण फार पूर्वी एमपी३मध्ये करून ठेवलेले होते. मूळ सीडी शोधून ते पुन्हा उतरवले.

चौथ्या महिन्यात कपाटाच्या तळाशी ती हस्ताक्षरातली तबकडी आली. वडिलांच्या गुरूंची घरगुती मैफल. कॅसेटवर होती, २००३मध्ये आम्हीच हौसेने ती लिहिण्याच्या सीडीवर उतरवली आणि जागा अडते म्हणून कॅसेट टाकून दिली. लिहिण्याच्या सीडीतला रंगाचा थर कालांतराने विटतो, हे तेव्हा आमच्या गावी नव्हते. तीन निरनिराळ्या यंत्रांत घालून पाहिली. बारा मिनिटे निघाली. पुढे नुसता खरखराट.

वडील काही बोलले नाहीत. कॅसेट कोणी टाकली, हे त्यांनी विचारले नाही; त्यांना ठाऊक असावे.

ती बारा मिनिटे आता मारव्यात आहेत, नावापुढे 'अपूर्ण' असे लिहून. सूर्य कलला की वडील कधीकधी तीच मागतात. बारा मिनिटांनी सूर तुटतो, ते हात किंचित वर करतात, आणि आम्ही पुढचा मारवा लावतो.