सुटींत वाचलेल्या कादंबऱ्या व माझें खरें मत

‘वार्षिकासाठीं कांहीं तरी लिहून द्यावें’ असा निरोप धाकट्या चिरंजीवाबरोबर त्याच्या वर्गशिक्षिकाबाईंनीं धाडला, तेव्हां मीं प्रथम नकारच दिला. मी कचेरींतला लेखनिक. टीकाकार नव्हें, पंडित तर नव्हेंच नव्हें. परंतु गेल्या उन्हाळ्यांत माझ्या हातून पांचसहा कादंबऱ्यांचें वाचन घडलें, आणि त्या निमित्तानें माझें एक जुनें ढोंगही उघडें पडलें. तें एकदांचें सांगून टाकावें, एवढ्याचसाठीं ही लेखणी उचलली आहे.

ढोंग तें असें. सन २०२० च्या जानेवारीच्या १० ते १२ तारखांस आपल्या शहरीं (तेव्हां त्याचें नांव उस्मानाबाद होतें) ९३ वें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ग्रंथप्रदर्शनांतील गर्दी पाहून मलाही चेव आला व मीं हातास येतील तीं पुस्तकें घेतलीं. घरीं आणून तीं फडताळांत ओळीनें मांडलीं, आणि पाहुणेमंडळी आली कीं ‘ययाति’कडे बोट दाखवून “काय कादंबरी आहे!” असें म्हणावयास लागलों. वस्तुतः मीं तिचीं साठ पानें देखील नीट वाचलीं नव्हतीं. एके रात्रीं माझ्या कन्येनें सहज विचारलें, “बाबा, शर्मिष्ठेचें शेवटीं काय होतें?” मीं घसा खांकरला, चष्मा पुसला, आणि जेवणाची वेळ झाल्याचें सांगितलें. ती समजायचें तें समजली. ती कांहीं बोलली नाहीं, हेंच मला अधिक लागलें.

म्हणून मे महिन्यांत रजा काढून तेरला आईकडे गेलों, तो पुस्तकांची पिशवी घेऊनच. आईच्या डोळ्यांना बारीक अक्षर आतां दिसत नाहीं. संध्याकाळीं ओसरीवर मीं मोठ्यानें वाचावें व तिनें ऐकावें, असा आमचा क्रम सुरू झाला. गोरोबाकाकांच्या देवळांत आयुष्यभर कीर्तन ऐकलेली ही बाई. ऐकण्याच्या कामांत तिला फसविणें सोपें नाहीं.

‘ययाति’ आधीं पुरी केली. वि. स. खांडेकरांची ही कादंबरी १९५९ ची असून १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार तिच्यामुळें मराठीच्या पदरीं आला. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा हीं तिघें आपापल्या तोंडानें आपापली कथा सांगतात. माझें प्रांजळ मत विचाराल, तर शर्मिष्ठेचा भाग मनाला भिडतो. ययाति मात्र स्वतःविषयीं फार बोलतो. आईचें मत याहून थोडक्यांत होतें. “पोराचं तरणेपण मागून घेणारा बाप,” ती म्हणाली, “त्याचं काय एवढं ऐकून घ्यायचं?” एवढ्या मोठ्या पुस्तकाचा असा एका वाक्यांत निकाल लागलेला पाहून मी चकित झालों. तिचा निकाल अगदींच न्यायाचा आहे असें नाहीं, पण तो मला खोडतां आला नाहीं.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) मीं पूर्वीं दोनदां अर्धवट सोडली होती. खानदेशांतील एका खेड्यांतला मुलगा पुण्यास शिकावयास जातो, आणि कांहींच न साधतां परत येतो. त्याचें तें तिरकस बोलणें मला अजूनही कंटाळा आणतें, हें कबूल केलेलें बरें. परंतु त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानें जाते, तीं पानें वाचतांना माझा आवाज बसला व पुस्तक खालीं ठेवावें लागलें.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) आईनें दोनच संध्याकाळीं ऐकली. शिकलेला, नोकरी नसलेला शेतकऱ्याचा मुलगा, कोरडें शेत, घरांतली रोजची कुरबुर. कादंबरी खरी आहे, आणि १९९० नंतरच्या शेतकऱ्याची दैना एवढ्या खरेपणानें फार थोड्यांनीं लिहिली आहे. त्याच दिवशीं दुपारीं आमच्या गल्लींत टॅंकरवरून दोन घरांची भांडणें झालीं होतीं. आई म्हणाली, “हे मला ठाऊक हाय. दुसरं काही वाच.”

याच्या उलट प्रकार रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’चा (१९७१). शिंप्याची बायको आपली कहाणी मराठवाड्याच्या बोलींत सांगते. पहिल्याच पानाला आई सरसावून बसली. “आरं, हे तर आपलंच बोलणं! हे पुस्तकात चालतं?” असें ती तीनदां म्हणाली. शिंप्याचा हेका व त्यापायीं घराची झालेली वाताहत तिनें तीन दिवसांत ऐकून संपविली. चुलीवरचें दूध दोन वेळां उतूं गेलें. सगळ्या पिशवींत मला हीच कादंबरी सर्वांत चांगली वाटली.

शेवटीं काढली ती हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’. ही १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येत होती. तिच्याही आधीं, १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहून विधवांच्या हालांची कथा मराठींत आणली होती; योगायोग असा कीं दोन्हींकडे नायिकेचें नांव यमुनाच. पदमनजींचें पुस्तक मीं आधीं चाळलें होतें. त्यांत उपदेश पुष्कळ, गोष्ट थोडी. हरिभाऊंची यमुना स्वतः बोलते, म्हणून ती जिवंत वाटते. अर्थात् तीही संथ आहे. मला मधूनमधून जांभई येई. आईला मात्र एकदांही आली नाहीं.

यमुना लिहिण्यावाचण्यांत रमते, नवरा तिला उत्तेजन देतो, तो भाग चालला होता. आई म्हणाली, “थांब.” मग ती सांगूं लागली. १९५६ सालीं आपला जिल्हा हैदराबादेंतून मुंबई राज्यांत आला, त्याच वर्षीं ती चौथी पास झाली. गुरुजी दोनदां घरीं आले आणि मुलीला पुढें शिकवा म्हणाले. आजोबांनीं त्यांना चहा दिला व ‘पाहूं’ म्हणून बोळविलें. आई दाराआड उभी होती. पुढें तिची पाटी धाकट्या मामाला मिळाली. साठ-पासष्ट वर्षांत तिनें हें मला कधीं सांगितलें नव्हतें, आणि मींही कधीं विचारलें नव्हतें.

थोड्या वेळानें तिनें विचारलें, “पोरीचं लातूरचं काय ठरलं?”

कन्या यंदा दहावी झाली. तिला शास्त्र शाखेसाठीं लातूरला जावयाचें होतें. वसतिगृहाचा खर्च, नातलगांचे सल्ले, मुलीची जात, अशा नाना गोष्टी माझ्या मनांत घोळत होत्या. मी म्हणालों, “पाहूं.”

“माझे वडीलबी तेच म्हणले होते,” आई म्हणाली, आणि उठून आंत गेली.

त्या रात्रीं वाचन झालें नाहीं. सोमवारीं मी लातूरला जाऊन पैसे भरून आलों. नवी दुचाकी घ्यावयाची होती, ती आतां पुढच्या वर्षावर गेली आहे.

जातांना कन्येनें हरिभाऊंचें पुस्तक आपल्या सामानांत टाकलें. त्यामुळें आईची गोष्ट अर्ध्यावरच, यमुना नवऱ्याबरोबर मुंबईस सुखानें राहत आहे तेथें, थांबली आहे. गेल्या रविवारीं तेरला गेलों, तेव्हां तिनें विचारलें, “पुढं तिचं बरं होतं ना रे?”

या खेपेस शेवट मला ठाऊक होता. मी म्हणालों, “दिवाळींत पोर येईल, तीच वाचून दाखवील.”