पहिल्या पावसातलं घर

ताबा मिळाला तरी पहिला पाऊस येईपर्यंत घर कळत नाही, असं मला आता ठामपणे वाटतं. वैशाखात सगळ्या भिंती सारख्याच गुळगुळीत दिसतात. मग आडव्या सरी येऊ लागतात आणि सरकत्या खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची भोकं सिमेंटनं बुजलेली आहेत हे समजतं. दार फुगून चौकटीला घासू लागतं. दिवाणखान्यात तुळई आणि भिंतीच्या सांध्यावर केसाएवढी भेग दिसते.

या भेगेनं आधी पोटात गोळा आला होता. अनुभवी मिस्त्रींनी समजावलं: काँक्रीट आणि हलके ब्लॉक वाळताना सारखे आकसत नाहीत. सांध्यावर जाळी मारून गिलावा केला नसेल तर तिथं चीर पडते. ती रुंदावत नसेल, तर एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा, मग भरायची. पलंगाखालची एक फरशी नाण्यानं वाजवली तर पोकळ बोलते. तीही राहू दे म्हणाले.

पाण्याला मात्र अशी मुदत देऊ नये. आमच्या बाथरूमचा उतार नहाणीकडे नव्हता, दाराकडे होता. साचलेलं पाणी फरशांच्या सांध्यांतून झिरपत राहिलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला पिवळट डाग पडला. तेव्हा उमगलं, माझी जमीन हे कुणाचं तरी छत आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आलं तर दुरुस्ती संस्थेची. बाथरूम-संडासातल्या गळतीचा खर्च ज्याच्या त्याच्या घराचा.

पण नव्या घरात प्रश्न तिथं संपत नाही. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १४ सांगतं की ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत किंवा दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. हे कळूनही लेखी तक्रार करायला माणसं कचरतात. ‘नव्या वास्तूला नाट लावू नकोस’ असं घरचीच वडीलधारी म्हणतात. त्यांच्या मनातली भीती मला समजते; आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्यांना स्वतःच्या भिंतीचं अप्रूप फार मोठं असतं. तरीही मला हे पटत नाही. ज्या घरासाठी वीस वर्षं हप्ते फेडायचे, त्याचा दोष तारीख घालून, फोटो जोडून मांडणं ही त्या घराची काळजीच आहे.

आम्ही तसं पत्र दिलं. बाथरूमची फरशी उखडली, वॉटरप्रूफिंग नव्यानं झालं. त्यावर पाणी भरून ठेवलं, आणि डाग वाढत नाही हे काकांनी त्यांच्या घरातून पाहून सांगितल्यावरच नवी फरशी बसवू दिली. काकांचं छत रंगवून घेणंही आम्ही त्याच कामात लिहून घेतलं. दिवाणखान्यातली भेग अजून तशीच आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खुणा केल्या आहेत.